खडूची चौथी जोडी

प्रयोग संपला की युरेनियमच्या द्रावाची टाकी बारीक नळीतून रिकामी करायची, असा नियम होता. त्याला चाळीस मिनिटं लागायची. तेवढा धीर कुणाला? आम्ही सरळ टाकीचे चार नट काढायचो, चौघं मिळून ती उचलायचो आणि कलती करून ओतायचो.

त्या गुरुवारी मी सही आणायला बाहेर गेले होते. माझी वाट कुणी पाहिली नाही. मी परत दाराशी आले तेव्हा आतून आमच्यातल्या आस्याचा आवाज आला, "मेलं कोंबडं आगीला भीत नाही, धरा रे!" तिघांनी टाकी उचलली. दाराच्या फटीतून निळा उजेड आला.

टाकी कलती झाली की आतल्या द्रावाचा आकार बदलतो, भोवती उभ्या माणसांची अंगं किरण परत आत फेकतात आणि अणूंची साखळी पेटते, हे आम्ही नंतर शिकलो. पाच दिवसांत तिघंही गेली. कुणाला किती किरण लागले ते मोजायला आमच्या साहेबांनी, ग्लेब रोमानिचनी, तिघांचे बूट मागवले आणि ती उभी होती तिथे फरशीवर खडूने आखून घेतले.

एप्रिलमध्ये खोली पुन्हा उघडली. बाहेर कुंपणाशी अजून काळपट बर्फ होता. फरशी तीनदा घासली होती, तरी खडू होताच. आणि जोड्या चार होत्या. चौथी माझ्या जागेवर, उजव्या टाचेला माझ्या बुटासारखाच टवका उडालेला.

"मला बदली द्या," मी म्हटलं.

"कुंपणाबाहेर? अगं बाई, इथून बदली फक्त दफनभूमीत होते." ग्लेब रोमानिच हसले नाहीत. "आजचा प्रयोग संपला की उचलूनच ओता. मॉस्कोहून फोनवर फोन येतायत."

"नियम तुम्हीच भिंतीवर लावलात ना?"

"भिंतीसाठी लावलाय. पाच वाजता तिघांना पाठवतो. चौथी तू."

मला मरायचं नव्हतं. सव्वाचारला प्रयोग संपताच मी नट काढायचा एकमेव पाना खिशात घातला, नळीची तोटी उघडली, बाहेर आले आणि दाराला कुलूप लावलं. चाळीस मिनिटं गेली की टाकी रिकामी, मग उचला खुशाल!

दहाव्या मिनिटाला रिकाम्या खोलीतून हाक आली. आस्याच, अगदी रोजच्यासारखी.

"रिम्मा, तुझी बाजू धर ना गं."

मी पळणार होते. पाय हलेनात.

खाली पाहिलं. माझ्या बुटांभोवती खडूची ताजी रेघ होती.

आत फरशीवर टाकीचा एक नट पडला.

दुसरा.

तिसरा.

पाना माझ्या खिशातच होता.