अपुऱ्या फेऱ्या

जुईने टायरवर आमटीचा डाव हाणला तेव्हा ‘थप्’ असा नुसता मऊ आवाज झाला. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही तसाच. चौथ्या फटक्याला मात्र टायरने नेमक्या त्याच जागी आधीच अंग आवळून घेतलं आणि डाव कातळावर आपटावा तसा खणकन उडाला. अडीच वर्षांची जुई दचकली, मग खुदकन हसली आणि मारायला दुसरी जागा शोधू लागली.

“मारू दे गं तिला, वहिनी,” निशिगंधा बुटांच्या नाड्या आवळत म्हणाली. “आत्याच्या टायरला फुकटची शिकवणी.”

हेमांगीने तरीही डाव काढून घेतला. उद्या सकाळी याच टायरवर तिची नणंद खडकजाईच्या डोंगरावरून सायकलने खाली झेपावणार होती. पहिल्या दोघींना भारताच्या संघात जागा, आणि संघ निवडायचे चार वर्षांतून एकदा.

टायर हेमांगीनेच निवडला होता. लग्नाआधी रबराच्या प्रयोगशाळेत काढलेली तीन वर्षं कुठेतरी कामी यावीत म्हणून दोन महिने ती माहितीपत्रकं वाचत होती, जुईच्या खाऊच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावी तशी. उतारशर्यतीत चाकाच्या कडेचं वजन सगळ्यात वाईट. प्रत्येक वळणाला ते आडवं येतं. पण हलका टायर म्हणजे पातळ टायर, आणि पातळ टायर जांभ्याच्या धारेवर फाटतो. ‘लघुचक्र’ कंपनीच्या स्मरणटायरने हा पेच सोडवला होता. त्याच्या पातळ भिंतीत केसाएवढ्या नळ्या होत्या आणि नळ्यांत एक द्रव. चिमूटभर वीज मिळाली की तो क्षणात दगडासारखा घट्ट व्हायचा, धक्का सरला की पुन्हा पातळ. कुठे घट्ट व्हायचं ते टायर मागच्या धक्क्यांवरून शिकायचा. शिवाय खडकजाईवर मारलेल्या हजारो फेऱ्यांची आठवण कंपनी त्यात आधीच भरून द्यायची. जुना टायर तेराशे ग्रॅमचा, हा सहाशे चाळीसचा. हेमांगीने तो निवडला तेव्हा निशिगंधाने तिला उचलून गरगर फिरवलं होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी उतार पायी उतरून पाहायचा असतो. जुईला पाठीवरच्या झोळीत घालून हेमांगीही निघाली. हा उतार मूळचा मोळीवाल्या बायकांची पायवाट. डोक्यावर भारा घेऊन उतरताना जी जिथे घसरे, तिने बरी झाल्यावर तिथल्या दगडाला चुन्याचं एक बोट ओढायचं, अशी तिथली रीत. मागून येणारीला ते वाचता यायचं. सायकलवाल्यांनी वाट घेतली तशी रीतही घेतली. तिसऱ्या वळणावर जांभ्याची एक पायरी आडवी पसरली होती, आणि तिच्यालगतच्या दगडावर चौदा बोटं होती. त्यातलं एक निशिगंधाचं. गेल्या वर्षी ती इथेच पडली होती; मांडीचं हाड मोडलं, तीन महिने प्लास्टर. काठी टेकत येऊन तिने हे बोट ओढलं होतं.

हेमांगीने फोन काढला. टायर कुठे घट्ट होणार हे त्यावर नकाशात तांबडं दिसायचं. दुसऱ्या वळणावर तांबडं होतं, चौथ्यावर होतं. तिसरं वळण हिरवंगार, म्हणजे टायर तिथे मऊच राहणार.

तिने तीनदा पाहिलं. मग तळपायाची आग मस्तकाला गेली.

कंपनीचा तंबू पायथ्याशीच होता. तिथले वसेकर मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी जुईला फुगा दिला, हेमांगीला खुर्ची. ती बसली नाही. तिसरं वळण कोरं का, एवढंच तिने विचारलं.

“मॅडम, आठवणीत आम्ही पूर्ण फेऱ्याच घेतो,” वसेकर म्हणाले. “वर निघाली, खाली पोचली, ती फेरी. मधेच पडलेलीची फेरी अपुरी. तिचे आकडे वेडेवाकडे असतात, टायर गोंधळतो.”

“गोंधळतो, की जड होतो?”

वसेकर टेबलावरची माहितीपत्रकं सारखी करू लागले. हेमांगीने तोवर मनात हिशेब मांडला होता. जितक्या जागी घट्ट व्हायचं, तितका द्रव जास्त. पडलेल्या फेऱ्या आठवणीत घेतल्या तर एका टायरला तीनशे ग्रॅम तरी वाढले असते, आणि खोक्यावरचा सहाशे चाळीसचा ठळक आकडा पुसावा लागला असता. म्हणजे हलका होण्यासाठी टायरला विसरायला लावलं होतं. खाली पोचलेल्या त्या पायरीवर आपटल्याच नव्हत्या; टायरच्या लेखी, जिथे तिच्या नणंदेचं हाड मोडलं, तिथे कुणीच कधी पडलं नव्हतं.

“आणि त्या दगडावरची चौदा बोटं तरी कुणाची? बऱ्या होऊन परत आलेल्यांची,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या टेबलावरची दोन माणसं उठून बाहेर गेली. “ज्या परत चालूच शकल्या नाहीत, त्या तिथेही नाहीत आणि तुमच्याकडेही नाहीत. त्यांना कुठे ठेवलंत?”

 वसेकरांनी मागच्या पेटीतून टायरांचा एक जोड काढला. यात अपुऱ्या फेऱ्याही भरल्या आहेत, चाचणीसाठी केला होता, एकेक टायर साडेनऊशे ग्रॅम भरतो, असं हलक्या आवाजात सांगितलं. निशिगंधाताईंसाठी घेऊन जा. फक्त ही गोष्ट तुमच्याआमच्यात राहू द्या, शर्यतीच्या तोंडावर घबराट नको.

आणि हेमांगीने तो जोड घेतला. झोळीत पोर झोपलेलं, हातात दोन टायर, अशी ती खोलीवर आली, आणि वाटेत तिला एकदाही वाटलं नाही की आपण काही चुकीचं करतोय. आपलं माणूस वाचलं, बस्स.

निशिगंधाने सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

“आणि हाच टायर लावून उतरणाऱ्या बाकीच्या आठजणी?”

हेमांगीने झोळी उतरवून जुईला गादीवर ठेवलं.

“मी तिथे पाय धरून ओरडत होते, तेव्हा स्वतःची फेरी सोडून थांबली ती देचम्मा. कूर्गची. तिच्या चाकांना कुठले टायर आहेत, माहितीये ना?”

“मला तू माहीत आहेस,” हेमांगी चिडून म्हणाली. “तुझ्या आईला फोन मला करावा लागतो.”

“देचम्माच्या आईला कोण करणार? वसेकर?”

दोघी बराच वेळ भांडल्या. निशिगंधाने तिला भित्री म्हटलं, हेमांगीने तिला अक्कलशून्य. जुई रडायला लागली तेव्हा दोघी थांबल्या. हेमांगीचा राग अजून धुमसत होता, पण आता त्यातला अर्धा स्वतःवर होता.

सकाळी डोंगरमाथ्यावर तिने एकेकीला गाठून नकाशा दाखवला, जुने जाड टायर लावायला सांगितलं. कुणी ऐकून घेतलं, कुणी मान हलवली, टायर कुणीच बदलला नाही. आयोजकांनी सांगितलं की टायर ज्याचा त्याने निवडायचा, त्यात ते पडत नाहीत. देचम्माच्या प्रशिक्षकाने तर हसून हिंदीतच सुनावलं: तेराशेचा टायर लावायचा सल्ला आम्हाला, आणि तुमच्या मुलीच्या चाकाला साडेनऊशेचा? ही युक्ती जुनी आहे, ताई.

हेमांगीची कानशिलं तापली. खरं सांगणाऱ्याला लबाड ठरवायला एवढंसंच लागतं, हे तिला ठाऊक नव्हतं. ती काही बोलणार तोच निशिगंधाने सायकल सगळ्यांच्या मधोमध उलटी केली. साडेनऊशेच्या टायरांची दोन्ही चाकं काढून बाजूला ठेवली आणि सरावाची, तेराशे ग्रॅमच्या जुन्या टायरांची चाकं चढवली.

“निशू, संघ जाईल,” हेमांगी पुटपुटली.

“जाईल कदाचित. पण तुला खोटी म्हटलेलं मी ऐकणार नाही.”

पहिली पाळी तिचीच होती. ती गेली. लाल धूळ उडाली, खाली खाली गेली. हेमांगीने जुईला इतकं घट्ट धरलं की पोर कुरकुरली. तिसऱ्या वळणाच्या पायरीवर टायरचा जाड दणका आला, सायकल हवेत तिरपी झाली, सरळ झाली, पुढे गेली. ध्वनिक्षेपकावर वेळ जाहीर झाली. गेल्या हंगामातल्या सर्वोत्तम वेळेपेक्षा साडेतीन सेकंद जास्त. मागे कुणीतरी समाधानाने श्वास सोडला.

पुढची पाळी देचम्माची. मधे तीन मिनिटं. प्रशिक्षक तिच्या पाठीवर थाप मारत सांगत होता की आता रस्ता मोकळा आहे, दोनांत जागा पक्की. देचम्मा त्याच्याकडे पाहत नव्हती. तिने वाकून पुढच्या टायरवर अंगठा दाबला. तो आत गेला, अगदी सहज, लोण्यात जावा तसा. ती तशीच वाकून राहिली, शेजारी पडलेल्या निशिगंधाच्या चाकांकडे बघत. पंचाने दोन मिनिटं राहिल्याचं सांगितलं.

मग मान वर न करता, प्रशिक्षकाला नव्हे, हेमांगीला तिने विचारलं, “दीदी, दोन्ही चाकं बदलायला किती वेळ लागतो?”