डाव्या हाताचा अंगठा

दाराशी पोलीस उभा होता आणि तिच्या हातात टिटवीच्या शाळेचा अर्धवट इस्त्री झालेला सदरा तसाच लोंबकळत राहिला होता...

"हे नाव तुमचंच ना?" त्याने एक कागद पुढे केला. "उद्या सकाळी अकराला ठाण्यात या. सही करा इथे."

तिने सही केली. कशी केली, तिचं तिलाच कळलं नाही. तो जिकडून आला तिकडे निघून गेला, समोरच्या घराची खिडकी हळूच मिटली, आणि मग तिने तो कागद वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. अक्षरं दिसत होती, पण अर्थ डोक्यात शिरायलाच तयार नव्हता. तिच्या घटस्फोटित नवऱ्याने तक्रार दिली होती, की परवा संध्याकाळी पाच वाजता ती त्याच्या घरी आली, त्याच्या वृद्ध आईला शिवीगाळ केली आणि तिला जिन्यावरून ढकलून दिलं. आईचा उजवा हात मोडला होता. ती इस्पितळात होती.

परमेश्वरा! त्या घराची पायरी ती पाच वर्षांत चढली नव्हती!

"आई, कोण होतं?" न्हाणीघरातून ओलं तोंड पुसत टिटवी बाहेर आली. तान्ही असताना अखंड किरकिरायची म्हणून आजीने ठेवलेलं हे नाव चौदाव्या वर्षीही तिला चिकटून होतं.

"कोणी नाही गं. चुकून आला होता कोणीतरी," ती म्हणाली आणि पाठ फिरवून पुन्हा इस्त्री हातात घेतली, कारण चेहऱ्याचा उडालेला रंग लपवायला तिला दुसरी जागाच नव्हती.

त्या दिवशीही ती कामावर गेली. ती कवळ्या बनवायची. दंतवैद्य साचे पाठवायचे आणि ही मेणावर एकेक दात असा बसवायची की म्हाताऱ्यांना आपलंच जुनं हसू परत मिळावं. बारा वर्षांत तिच्या हातून एक दात वाकडा गेला नव्हता. आज मात्र तीनदा मेण खरवडून काढावं लागलं. पुढच्या महिन्यात कोर्टात टिटवीच्या ताब्याची तारीख होती. टिटवीच्या बापाने मागेच बजावलं होतं, "तुझ्या हातात बेड्या पडल्या ना, की पोरगी आपसूक माझ्याकडे येईल." तेव्हा तिला ती नुसती पोकळ धमकी वाटली होती... नुसती धमकी!

दुपारी ती वकीलबाईंकडे गेली. शाळा लवकर सुटली म्हणून टिटवीही मागोमाग आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. मधला दरवाजा नीट लागत नव्हता, याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

वकीलबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला. "परवा पाच वाजता तुम्ही कुठे होतात?"

"कामावर. एकटीच."

"कोणी पाहिलं? कोणाचा फोन?"

"नाही हो... मी काम करताना फोन बंदच ठेवते."

"हं." वकीलबाईंनी कागदावर एक खूण केली. "आता घाबरू नका, नीट ऐका. पहिली गोष्ट, त्याला फोन करायचा नाही, निरोप पाठवायचा नाही, त्याच्या दारात जायचं नाही. रागाने एक शब्द बोललात तरी तो तुमच्यावर उलटेल. त्याच्या जुन्या धमक्यांचे निरोप असतील तर एकही पुसू नका. दुसरं, अटकपूर्व जामिनाचा अर्ज मी आजच टाकते. तिसरं, उद्या ठाण्यात तुमचं म्हणणं लेखी द्यायचं आणि त्याची पोच घ्यायची. तक्रारच रद्द करा म्हणून वरच्या कोर्टात जाता येतं, पण त्याला वेळ लागतो. आणि खोटेपणा सिद्ध झाला, की खोटी खबर दिल्याबद्दल त्याच्यावर उलट तक्रार, अब्रुनुकसानीचा दावा, सगळं करता येईल. पण ते नंतर. आग लागल्यावर आधी माणसं बाहेर काढायची असतात."

"मला... अटक होईल?"

"अर्जाची सुनावणी परवा आहे आणि बोलावणं उद्याचं. होणारच नाही, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. टिटवी उंबऱ्यात उभी होती, पांढरीफटक, ओठ चावत.

"आईने नाही ढकललं! बाबांनी ढकललं! मी तिथे होते!"

...आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. शाळा सुटल्यावर ती चोरून आजीला भेटायला जायची, बाबा कामावर असताना. आठ महिने जात होती. परवा बाबा अवचित लवकर आले. टिटवीला पाहून आधी गोड बोलले, मग समोर कागद ठेवला. 'आई मला मारते, मला बाबांकडे राहायचंय' असं लिही म्हणाले. ती रडायला लागली तशी आजी मधे पडली. "पोरीच्या हातून खोटं लिहून घेऊ नकोस," म्हणत आजीने तो कागद टराटरा फाडला आणि तिला हाताला धरून जिन्याकडे नेलं. बाबांनी आजीला बाजूला ढकललं. आजी गडगडत खाली गेली...

"कोणाला सांगितलंस तर आजी पुन्हा दिसणार नाही, असं म्हणाले... आणि तू रागावशील, म्हणून... आई, मला माफ कर ना गं!"

तिने लेकीला पोटाशी ओढलं. त्या कोवळ्या जिवाने हे सगळं दोन दिवस एकटीने उरात दाबून ठेवलं होतं!

वकीलबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "हिचा जबाब दिला, तर उद्याच चित्र पालटेल."

तिने लेकीच्या केसांवरून हात फिरवला. सुटका हाताच्या अंतरावर होती. पण तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती साक्षीला उभी केलेली टिटवी, आणि समोर बाप. आज सुटेल, पण 'माझ्या बापाला मी आत घातलं' हे ओझं ती पोर जन्मभर कुठे उतरवणार?

"नाही," ती म्हणाली. "माणूस कसाही असो, तो हिचा बाप आहे. माझ्या सुटकेसाठी मी माझ्या लेकीला बापासमोर उभी करणार नाही. मला धरायचं तर धरू देत."

"अहो, पण हा वेडेपणा आहे!"

"असेल. जे व्हायचं ते माझं होऊ दे."

दुसऱ्या दिवशी तिने टिटवीला शाळेत पाठवलं, शेजारणीला किल्ली दिली, एका पिशवीत दोन कपडे घातले आणि ती ठाण्यात गेली. वकीलबाई सोबत होत्या. भिंतीला टेकून एक लांब बाक, टेबलावर फायलींची चळत, आणि आत कुठेतरी लोखंडी दार लागल्याचा आवाज. भीतीलाही चव असते, हे तिला त्या दिवशी कळलं... जिभेवर पितळ ठेवावं तशी.

फौजदारांनी तिचं लेखी म्हणणं वाचलं. "बाई, तुम्ही तिथे नव्हता म्हणता. पण साक्षीदार कोण? आणि म्हातारीवर तुमचा राग असणारच ना? घटस्फोटाच्या वेळी तिनेच तुमच्याविरुद्ध साक्ष दिली होती, असं तुमचे... असं तक्रारदार सांगतो."

ते मात्र खरं होतं. पाच वर्षांपूर्वी भर कोर्टात सासूबाई म्हणाल्या होत्या, "सून तापट आहे. आदळआपट करते." त्या एका वाक्याने तिच्या बारा वर्षांच्या संसाराची माती केली होती. आज त्याच सासूबाईंच्या शब्दावर तिचं सगळं आयुष्य टांगलेलं! तिने डोळे मिटले. संपलं...

"साहेब, आत येऊ का?"

तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता. उजवा हात प्लास्टरमध्ये, केस विस्कटलेले, इस्पितळाचा सदरा आणि वर एक शाल, अशा सासूबाई दारात उभ्या होत्या. आणि त्यांना डाव्या बाजूने आधार देत होती, शाळेत असायला हवी होती ती टिटवी!

"आई...!" ती ताडकन उठली.

"बस," सासूबाई म्हणाल्या. "तू काही बोलू नकोस. आज मला बोलायचंय." त्या फौजदारांसमोरच्या खुर्चीवर टेकल्या. "साहेब, हिने मला हातही लावला नाही. मला ढकललं ते माझ्या मुलाने. लिहून घ्या."

"आजी, विचार करून बोला. तुमचा मुलगा—"

"तीन दिवस दुसरं काय करतेय मी!" त्यांचा आवाज फाटला. "इस्पितळात उशाशी बसून तो म्हणत होता, आई, तू फक्त गप्प राहा. मी गप्प राहिले. एकुलता एक आहे हो तो माझा... आज सकाळी ही पोर शाळा सोडून धावत आली. म्हणाली, आजी, आई तुरुंगात जायला तयार आहे, पण मला बाबांविरुद्ध बोलू देत नाही. साहेब, जिच्याविरुद्ध मी कोर्टात खोटं बोलले, ती माझ्या मुलाची अब्रू त्याच्या लेकीच्या नजरेत राखतेय! मग मी कोण? मी कसली आई?"

ती हुंदका आवरू शकली नाही. टेबलामागचा हवालदारही लिहायचा थांबला.

जबाब पुरा झाला. सासूबाईंनी सवयीने पेनासाठी हात उचलला आणि प्लास्टर टेबलावर आपटलं. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत सुलेखन शिकवलं होतं. 'अंगठेबहाद्दर राहू नका रे,' म्हणत किती मुलांची बोटं धरून गिरवून घेतलं होतं! हवालदाराने शाईचा डबा पुढे सरकवला. त्यांनी क्षणभर त्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवून कागदावर ठेवला.

"मुलाबद्दल आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलं," त्या पुटपुटल्या, "आणि सही नाही आली."

फौजदारांनी सासूबाईंच्या मुलाला बोलावून घेतलं. तो आला तो घाम पुसतच आला. आईला पाहताच त्याचा चेहरा उतरला. "आई, तू औषधांच्या गुंगीत आहेस. चल, घरी चल."

"नाही येणार."

"आई, मी तुझा मुलगा आहे!"

"म्हणूनच," सासूबाई म्हणाल्या. "परका असतास, तर गप्प राहून तुला बिघडू दिलं असतं. चूक माझीच रे. लहानपणापासून तुझी प्रत्येक चूक मी पदराखाली घेतली. आता पदर पुरत नाही."

तो खाली बसला. त्याने एकदा टिटवीकडे पाहिलं. ती आईच्या मागे सरकली, तेव्हा कुठे त्याने मान खाली घातली. चौकशीसाठी त्याला थांबवून घेतलं.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "आता वेळ आपली आहे. तुमच्यावरची तक्रार मागे पडेल. खोटी खबर दिल्याची उलट तक्रार कराल?"

"टिटवी माझ्याकडे राहील ना?"

"या जबाबानंतर? तिला कोणी हात लावणार नाही."

"मग बाकीचं उद्या बघू. आज नको." तिने सासूबाईंकडे पाहिलं. "आई, रिक्षा थांबलीय. चला."

"कुठे?"

"घरी. अजून कुठे?"

सासूबाई जागीच उभ्या राहिल्या. "तुला... माझी भीती नाही वाटत?"

"वाटते," ती खरं तेच म्हणाली. "पण सवय होईल. तुम्हालाही, मलाही."

आणि मग त्या म्हातारीने आपलं कपाळ सुनेच्या खांद्यावर टेकलं आणि त्या घळाघळा रडल्या, रस्त्यात, चारचौघांत... पाच वर्षांचं सगळं!

संध्याकाळी टिटवी आजीला भरवत होती. दोन घास झाले आणि आजीने मान वळवली. "पुरे गं."

"आजी, काहीच खाल्लं नाहीस."

"घशाखाली उतरत नाही." थोड्या वेळाने, भिंतीकडे बघत, कोणालाच न विचारल्यासारखं त्या म्हणाल्या, "तिथे... देत असतील ना काही खायला?"

टिटवीने आईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून एक एक करत सगळी वर्षं सरकून गेली, राग, अपमान, सकाळची ती जिभेवरची पितळी भीती. तिने पदराला हात पुसले आणि फोन उचलला.

"वकीलबाई, मीच बोलतेय. एक विचारायचं होतं... ठाण्यात थांबवलेल्या माणसाला घरचं जेवण नेऊन देता येतं का?"