पुढच्या गाडीचे पिवळे दिवे

वेदांग, किल्ली आधी खाली ठेव. लायसन्स मिळून महिना झाला नाही आणि एवढ्या धुक्यात निघालायस. म्हणे, "काका, आय विल पुट द हॅझर्ड्स ऑन." अरे शहाण्या, त्याच दिव्यांनी आमच्या कमरुद्दीनला... बस. ईश्वरी, तूही बस.

कमरुद्दीन रत्नागिरीचा. इथे शारजातल्या हमरिया फ्री झोनच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर. भाडं परवडावं म्हणून राहायला पार रास अल खैमाला. नव्याण्णव साल. चोवीस ऑक्टोबर, रविवार, आपली कोजागिरी. त्या रात्री त्याची बायको बानू पहिल्यांदा इकडे येत होती, कडेवर आठ महिन्यांची अरफा. बापाने लेकीला फोटोतच पाहिलेलं. शारजा एअरपोर्टवर त्याने हात पुढे केले, तर पोरीने भोकाड पसरलं. गडी हिरमुसला.

"ओळखेल हो हळूहळू," बानू म्हणाली. मायलेकी मागे बसल्या आणि त्याने गाडी काढली.

उम्म अल क्वैन मागे पडलं आणि धुकं उतरलं. ऑक्टोबर सरताना इथे उतरतं तसं, दाट. बॉनेटसुद्धा दिसेना. खरं तर तिथेच रस्ता सोडून थांबायचं. पण लेक रडत होती, घर अर्ध्या तासावर होतं. तेवढ्यात पुढे दोन पिवळे दिवे दिसले, उघडमीट करणारे. एक पिकअप. इथली ही खोडच आहे, धुक्यात हॅझर्ड लावून पळायचं. बुडत्याला काडीचा आधार. कमरुद्दीन त्या दिव्यांच्या मागे लागला.

मस्त चाललं होतं. अंतर कमी होईना की वाढेना. धुक्यात वेग कळत नाही बघ, गाडी जागेवरच उभी आहे असं वाटतं. आणि एकदम... टिंग. टिंग. टिंग.

तेव्हा इथल्या गाड्या एकशेवीसच्या वर गेल्या की अशा वाजायच्या. त्याने काट्याकडे पाहिलं. एकशेवीसच्या पुढे.

"थांबवा," मागून बानू हळूच म्हणाली. "अहो... थांबवा."

त्याने पाय उचलला. गाडी कडेच्या वाळूत घेतली. थांबवली.

पुढचे दिवेही थांबले.

उघड... मीट. उघड... मीट.

मग ते मागे येऊ लागले. इंजिनाचा आवाज नाही. चाकांचा नाही. त्याने दारं लॉक केली. दिवे पार बंपरपाशी आले.

आणि विझले.

समोर काहीच नव्हतं. नुसतं धुकं.

अरफा रडायची थांबली. ती वर बघत होती. गाडीच्या छताकडे. टक लावून...

बानू कुराणातली आयतल कुर्सी पुटपुटत राहिली. कमरुद्दीनने हात मागे नेऊन लेकीचं पाऊल धरलं. तिने ते ओढून घेतलं नाही. उजाडेपर्यंत तिघं तशीच बसून राहिली.

धुकं विरल्यावर तो उतरला. थोडं पुढे, रस्त्यात आडवा, खडीचा ट्रेलर कलंडला होता. एकशेवीसने गेले असते तर तिघंही... जाऊ दे. पोलिस आले होते. पिकअप कुणीच पाहिला नव्हता.

तो गाडीपाशी परतला. रात्रभराच्या दवाने गाडी चिंब झाली होती. काचा, दारं, डिकी, सगळं. छतावर मात्र... मागच्या बाजूला, बरोबर अरफाच्या डोक्यावर, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा कोरडी होती.

त्याने हात लावला. पत्रा अजून कोमट होता.