दोरीचं दुसरं टोक

“अहो, खाऊ नका ते! मत आहे ते!”

मागून आवाज आला आणि मी दचकले. माझ्या तळहातावर राजम्याचा एक दाणा होता. तिकिटासोबत मिळालेला. त्याचं काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि माझं लक्ष मुळीच जागेवर नव्हतं. हात कधी तोंडापाशी गेला ते मलाही कळलं नाही.

वळून पाहिलं. उंच, काटकुळा, दाढीवाला माणूस. महोत्सवाच्या मदतनिसांचा पिवळा एप्रन, दोन्ही काखांत घडीच्या खुर्च्या. कपाळावर आलेले केस तो फुंकर मारून उडवू पाहत होता, कारण हात मोकळा नव्हता.

“प्रत्येक खेळाला एक दाणा,” तो म्हणाला. “प्रत्येक सिनेमाचं मडकं वेगळं. आवडला तर बाहेर पडताना त्याच्या मडक्यात टाकायचा.”

“आणि नाही आवडला तर?”

“घरी नेऊन शिजवायचा.”

“एका दाण्याचं काय शिजणार?”

“आज चार खेळ आहेत. चारही वाईट निघाले तर चार दाणे.” त्याने स्वतःच्या हडकुळ्या मनगटांकडे पाहिलं. “माझ्याकडे बघा ना... यावरच जगतोय असं नाही वाटत?”

मला हसायचं नव्हतं. त्या दिवशी मी हसायला आलेच नव्हते. तरी ओठ थोडे हललेच, आणि ते त्याला दिसलं.

टेक्सासमधल्या सान अँटोनियोच्या पश्चिमेकडच्या वस्तीतलं ते जुनं ल्युसेरो थिएटर. दारावरची अक्षरं माझ्या बाबांनी रंगवलेली. थिएटरचीच काय, बेकरी, टायरवाला, न्हावी, दवाखाना... आमच्या वस्तीत वर पाहावं तिथे त्यांच्या हातचं अक्षर. लोक त्यांना मास्तर सिप्रियानो म्हणत. वर्षापूर्वी ते गेले. आणि आज, लॅटिनो चित्रपट महोत्सवाच्या शेवटच्या खेळात, त्यांच्यावरचा माहितीपट दाखवणार होते.

तो मला थांबवायचा होता.

बाबांची स्मरणशक्ती शेवटी शेवटी पुसली जात होती, भिंतीवरची जुनी जाहिरात पुसत जाते तशी. मी तेव्हा शिकागोत दुसरीच्या मुलांना शिकवत होते. दर रविवारी फोन करायचे. एका रविवारी त्यांनी विचारलं, “कोण बोलतंय?” पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारनंतर मी फोन केला नाही... हे सांगायला मला आजही जड जातं. पुढचं वर्षभर आत्यानेच त्यांना सांभाळलं. तिनेच त्या सिनेमावाल्याला घरात घेतलं, आणि सिनेमा तयार झाल्यावर तिनेच तो पहिल्यांदा पाहिला.

“पोरी, तू नको बघूस,” ती फोनवर म्हणाली. “त्यात तो विचारतो, मुलंबाळं किती? आणि भाऊ सरळ सांगतो, नाहीत म्हणून.”

वस्तीत लोक आधीच बोलत होते, मास्तरांची पोर त्यांना टाकून गेली. आता भरलेल्या थिएटरात त्यांच्याच तोंडून सगळे ते ऐकणार होते. माझ्या पर्समध्ये एक पत्र होतं, दिग्दर्शक अनास्तासिओ बारिएन्तोस यांच्या नावाचं. तिकिटांच्या टेबलामागच्या बाई बाहेरगावच्या होत्या. “मी काही त्यांना ओळखत नाही हो,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या खेळाला येतीलच मंचावर. तोवर बसा, सिनेमे बघा.”

मी बसले.

पहिला सिनेमा डोंगरातल्या एका टपालवाल्याचा होता. टपालवाला, त्याचं खेचर, आणि बर्फ. वीस मिनिटं कोणी काही बोलेना. अंधारात माझ्या शेजारी, रांगेच्या टोकाला, एक घडीची खुर्ची हळूच उघडली गेली.

“खेचराचं काम चांगलं झालंय,” ओळखीचा आवाज कुजबुजला.

“शू...”

“टपालवाल्यापेक्षा चांगलं, एवढंच म्हणतोय.”

“गप्प बसा हो!”

तो गप्प बसला. पण पुढे खेचर कॅमेऱ्याकडे वळून थांबलं तेव्हा आम्ही दोघंही एकाच क्षणी फिसकन हसलो, आणि पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी दोघांवर मिळून एकच रागीट नजर टाकली.

बाहेर पडताना त्याने माझ्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. “मडकं इकडे आहे.”

“मी शिजवणार आहे.”

“बिचारं खेचर!”

दुसरा सिनेमा एका आईचा आणि मुलीचा होता. मधे नदी, नदीवर कुंपण. मुलगी या काठाला, आई त्या काठाला, आणि दोघींमध्ये फक्त एक फोन. शेवटी फोन वाजत राहतो आणि कोणी उचलत नाही. मी डोळे पुसायला पर्स चाचपली. आत हाताला लागलं ते पत्रच. तेवढ्यात खुर्चीच्या हातावर काहीतरी सरकलं. घडी घातलेला कागदी रुमाल. तो पुन्हा शेजारीच येऊन बसला होता, पडद्याकडेच पाहत. काही बोलला नाही. चांगली माणसं केव्हा बोलायचं नाही ते जाणतात, असं मला त्या वेळी वाटलं.

दुपारी उत्तरेचा गार वारा सुटला. थिएटरच्या पायऱ्यांवर लोक खांद्याला खांदा लावून बसले होते. त्याने दोन टाको आणले, आणि मक्याचं पीठ घातलेल्या गरम चॉकलेटचे दोन पेले.

“मला सगळे फ्लाको म्हणतात,” तो म्हणाला. “काटकुळा म्हणून. आईसुद्धा तेच म्हणते. तुम्ही?”

“डेल्फिना.”

“डेल्फिना, एक विचारू? सिनेमे बघायला आलेली माणसं आधी पडद्याकडे बघतात. तुम्ही सारख्या दाराकडे बघता.”

चॉकलेट गरम होतं. वारा गार होता. आणि अनोळखी माणसाला सांगणं किती सोपं असतं! मी सगळं सांगितलं. लहानपणी बाबांना कामात मदत करायचे ते दिवस, रविवारचे फोन, आत्या, तो प्रश्न आणि ते उत्तर.

“मला फक्त एवढंच हवंय,” मी म्हणाले, “त्यांचं ते ‘नाही’ कोणी ऐकू नये.”

त्याचा पेला ओठांपर्यंत जाता जाता थांबला होता.

“तुमच्या वडिलांचं नाव...?”

“सिप्रियानो कान्तू. पाट्या रंगवायचे.”

त्याने पेला पायरीवर ठेवला. जपून ठेवला, तरी सांडला. “खेळ सुरू होईल आता,” एवढंच तो म्हणाला.

तिसरा सिनेमा कशाचा होता ते मला आठवत नाही. आठवते ती शेजारची शांतता. बायका, कोंबड्या, लग्न, असं काहीतरी पडद्यावर चाललं होतं. सगळं थिएटर हसत होतं, आणि तो गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला होता.

दिवे लागले. लोक बाहेर गेले. तो उठला, त्याने पिवळा एप्रन डोक्यावरून काढला. आत सदऱ्यावर लाल फीत होती. दिग्दर्शकांना देतात ती.

“तीन मदतनीस आले नाहीत, म्हणून सकाळपासून खुर्च्या उचलतोय,” तो म्हणाला. “माझं नाव अनास्तासिओ बारिएन्तोस.”

माझ्या कानात वारा शिरल्यासारखं झालं.

“पायऱ्यांवर कळलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“आणि एक अख्खा सिनेमा तुम्ही गप्प बसलात?”

“घाबरलो.” त्याने मान खाली घातली. “सांगितलं की तुम्ही उठून जाणार, हे दिसत होतं. म्हटलं, अजून दीड तास बसल्या तर बसू देत... चुकलंच माझं.”

मी पत्र पुढे केलं. त्याने ते घेतलं, पण उघडलं नाही.

“यात काय आहे ते तुम्ही मघाशी सांगितलंत. तुमच्या आत्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, की मुलगी लांब असते, तिला यात ओढू नका. मी ऐकलं. खरं तर तुम्हाला शोधून विचारायला हवं होतं.” त्याने वर, प्रोजेक्टरच्या खोलीकडे पाहिलं. “सिनेमाचा डबा वर आहे. एकच प्रत आहे. दोन वर्षांचं काम आहे, पण वडील तुमचे आहेत. मी काढून आणतो.”

आणि तो जिना चढायला लागलासुद्धा. मी मनात दिवसभर भांडण घोकून ठेवलं होतं, त्यातला एक शब्दही वापरावा लागला नाही. जिंकल्यावर इतकं रितं वाटतं, हे मला माहीत नव्हतं.

एव्हाना शेवटच्या खेळाची गर्दी आत येऊ लागली होती. बेकरीवाली रेमेदिओस, टायरवाला, न्हावी. सगळे इस्त्रीचे कपडे घालून, लग्नाला आल्यासारखे. त्यांच्यामागून काठी टेकत फिदेन्सिओकाका आले. चाळीस वर्षं बाबांसोबत शिड्यांवर चढलेला माणूस. डोक्यावर नवी हॅट, आणि वरच्या खिशात, पेन लावतात तसा, एक बारीक ब्रश.

“कोण, सिप्रियानोची डेल्फिना ना?” त्यांनी माझा हात धरला. “पोरी, मला पुढे बसव. नीट ऐकू येत नाही मला. न येऊ दे. मला त्याचा हात बघायचाय. तो वळणाचा हात... अजून एकदा बघायचाय फक्त.”

मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मग जिना चढले.

तो वरून उतरत होता. काखेत पत्र्याचा गोल डबा.

“राहू द्या,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की नाही. पण राहू द्या.”

“तुम्ही बसाल?”

“दारापाशी. निघून जाता येईल अशी.”

अंधार झाला. पडद्यावर भिंत आली, भिंतीसमोर बाबा. पाठ वाकलेली, टोपीवर सगळ्या रंगांचे शिंतोडे. ब्रश टेकला आणि एका दमात वळण उतरलं, जराही न थरथरता. पुढच्या रांगेतून फिदेन्सिओकाकांनी मोठ्याने घेतलेला श्वास ऐकू आला.

मग पडद्यामागून तो आवाज, दिवसभर माझ्याशी चेष्टा करणारा. “मास्तर, मुलंबाळं किती?”

“नाही,” बाबा म्हणाले. चहात साखर घेता का विचारल्यावर म्हणावं तसं. “मुलंबाळं नाहीत.”

थिएटरात चुळबुळ झाली. दोन डोकी मागे वळली, माझ्याकडे. मी उठले. हात दाराच्या कडीवर होता.

पडद्यावर बाबांनी निळ्या खडूची दोरी काढली. अक्षरं सरळ यावीत म्हणून भिंतीवर आधी निळी रेघ मारून घेतात, ती दोरी. एक टोक त्यांनी भिंतीवर अंगठ्याने दाबलं. दुसरं टोक पाठीमागे धरलं... न बघता, खाली, आपल्या मांडीजवळ. आणि वाट बघत राहिले.

कॅमेराही वाट बघत राहिला. मग हडकुळा हात पुढे करत फ्लाको वाकून चौकटीत आला आणि त्याने ते टोक धरलं. बाबांनी मान वळवून वर पाहिलं, मग आणखी वर.

“अगं पोरी,” ते नवलाने म्हणाले, “एवढी उंच कधी झालीस?”

थिएटर खो-खो हसलं. त्या दाढीवाल्या, ताडमाड माणसाला पोरी म्हटलं म्हणून.

मी हसले नाही. माझा हात कडीवरून गळून पडला होता.

खेळ संपला. तो मंचावर उभा राहिला, लाल फितीशी चाळा करत. बेकरीवाल्या रेमेदिओसने बसल्या जागेवरून विचारलं, “काय रे फ्लाको, मास्तरांनी तुला पोरी का म्हटलं?”

“आजवर मला वाटायचं, मास्तर थट्टा करतात,” तो म्हणाला. “आज दुपारी कळलं, थट्टा नव्हती. पण...” त्याने दाराकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं. “ते सांगायचा हक्क माझा नाही.”

मला बोलायचं नव्हतं. तरी आवाज निघाला तो माझाच.

“मी सात वर्षांची होते,” मी म्हणाले. “शाळा सुटली की बाबांसोबत जायचे. दोरीचं दुसरं टोक मी धरायचे. माझा हात तेवढाच पोचायचा, म्हणून ते दोरी खाली द्यायचे. मांडीजवळ. कधी मागे वळून बघायचे नाहीत. मी असणारच, हे त्यांना...”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फक्त फिदेन्सिओकाकांनी हॅट काढून मांडीवर ठेवली, आणि मग एकेक करून हॅट घातलेल्या सगळ्यांनी.

बाहेर अजून उजेड होता. समोरच्या बेकरीच्या भिंतीवर बाबांची अक्षरं उन्हाने फिकटलेली. तो येऊन शेजारी उभा राहिला. बराच वेळ आम्ही दोघं ती भिंत वाचत राहिलो.

“मडक्यात टाकलास?” त्याने हळूच विचारलं. ‘तुम्ही’ कुठे गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

“एकच. एका खेळाला एकच दाणा, नियम आहे ना?”

“आणि उरलेले तीन?”

“ते शिजवायचेत. कोणीतरी फार वाळलंय.”

तो हसला. मग हसू ओसरलं, आणि त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “तू परत कधी जाणार?”

“सुट्टी आठवड्याची आहे.” मी भिंतीकडे बोट केलं. “पण ही अक्षरं पुन्हा रंगवायचीत मला. आणि अशा भिंती वस्तीत बऱ्याच आहेत. आठवड्यात कुठे होणार?”

“येतं तुला?”

“ब्रश चालवता येतो. दोरी मात्र एकटीला मारता येत नाही. दुसरं टोक कोणीतरी धरावं लागतं... आणि सांगेपर्यंत सोडायचं नसतं.”

वाऱ्याने केस पुन्हा कपाळावर आले होते. या वेळी हात मोकळे होते, तरी त्याने ते मागे सारले नाहीत.

“कुठल्या उंचीवर धरायचं?” त्याने विचारलं.

“तुझ्या,” मी म्हणाले. “मी उंच झालेय आता.”