पपनसाची फोड

मोतीराम तांडेल सकाळी उठले की आधी मनगटाकडे बघत. तिथली घामपट्टी झोपेच्या गोळीचा किती अंश अंगात उरला ते आकड्यात सांगे. आकडा दहाखाली आला की त्यांच्या सौर होडीचं कुलूप आपसूक उघडे. आषाढापर्यंत ते रोज सातच्या आत उघडायचं. आता दुपार कलली तरी पट्टी चाळीसवर ठाण मांडून बसे.

त्यात दोनदा धक्क्याची वाट चुकली, नेहमीच्या उतारूंची नावं आठवेनात. "बाबा, वय झालं, आता पुरे," मुलगा म्हणाला. सोमवारी परवाना परत द्यायचा ठरलं. चाळीस वर्षं खाडीवर काढलेल्या माणसाला काठावर बसायच्या विचारानंच रडू फुटे.

शेवटचा उपाय म्हणून ते डॉक्टर नसीम मुजावरकडे गेले. तिनं पट्टीची नोंद चाळली. "काका, गोळी तीच, मात्रा तीच. गोळीनंतर काही खाता?"

"काय नाय गो बाय. गोळी कडू लागता, म्हणान पपनसाची एक फोड खातंय."

"एकच?"

"अर्दा पपनस," मोतीराम ओशाळले. "यंदा पयल्यांदाच धरलाहा झाड."

नसीम खो खो हसत सुटली. "काका, अंगातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, गोळी मोडून काढतात. पपनस त्यांचे हातच बांधून ठेवतं, मग गोळी अंगात साचत जाते. तुमचं डोकं ठणठणीत आहे. पपनस बंद, आणि आकडा उतरेपर्यंत होडीही बंद."

पाचव्या दिवशी, सोमवारीच, सकाळी सातला पट्टीवर नऊ उमटले. कुलूप खटकन उघडलं. मोतीरामांनी भोंगा इतका वाजवला की अख्खी वाडी धक्क्यावर आली. पहिला उतारू म्हणून मुलगा कान पकडून चढला. मोतीराम सगळ्यांना नावानिशी हाका मारत सुटले, कुत्र्यांनासुद्धा. आनंद पोटात मावत नव्हता.

पैलतीरी उतरून ते पेढे घेऊन थेट दवाखान्यात गेले. पेढा देता देता त्यांचा हात थबकला. त्यांच्या घरापलीकडे राहणारी थोरली बहीण श्रावणापासून माणसं ओळखत नव्हती. म्हातारचळ म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. झोपेची हीच गोळी तीही घेई. आणि दर शनिवारी टोपलीभर पपनसं तिला मायेनं कोण पोचवत होतं?

"बाय," ते हळूच म्हणाले, "माझ्या आक्काक पण ही पट्टी लावशात?"