वेणी कापायची ठरली होती

वेणी कापायची, हे माहं पक्कं ठरलं होतं. पोलीस भरतीचा सराव चालू होता. धावताना कमरेखालची ती जाडजूड वेणी पाठीवर सपासप लागे, आणि धुतली का वाळायले अर्धा दिवस. पार्लरवालीले विचारूनही ठेवलं होतं. आणि नेमकी त्याच आठवड्यात, बोरी अरबहून यवतमाळले सरावाले जाताना, बसमधी मले डुलकी लागली.

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "ओ मॅडम... तुमची वेणी माह्या पिठल्यात पडली."

वळून पाह्यलं तं एक पोरगा. मांडीवर उघडा डबा, आणि हातात माह्या वेणीचा शेंडा — बाटलीतल्या पाण्यानं धुऊन राह्यला होता. असा राग आला मले! म्हटलं, बसमधी पिठलं खाते का कोणी? तं म्हणे, भूक काय गाव पाहून लागते? आणि हसला. खिडकीतून पावसाची झड येऊन राह्यली होती, शेंडा ओला, त्याची बाही ओली... आणि मी राग धरायचं विसरूनच गेली.

त्याचं नाव लखन. यवतमाळले मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होता. मग रोज तीच बस. मी मुद्दाम त्याच्या पुढच्या सीटवर बसे. तो मागून शेंडा हळूच ओढे, मी न वळताच हसे. एक दिवस सांगतलं, आता कापतेच हे केस. त्याचं तोंडच उतरलं. म्हणे, माह्या याडीनं, म्हणजे आईनं, चांदीची घुगरी जपून ठेवली हाय. आमच्यात लग्न झालेल्या बाईच्या केसात ती गुंफतात.

"आता बॉबकटात कुठं टांगायची ती?"

"कोण टांगणार हाय?"

"याडी टांगन. मी... मी नुसता पाहीन."

कानापर्यंत गरम झाली मी. पार्लर राहूनच गेलं.

आम्ही दोघंही बंजारा तांड्यातले, हे बोलीवरून पहिल्याच दिवशी समजलं होतं. आमच्यात दोन अनोळखी माणसं भेटली का पाण्याच्या आधी आडनाव विचारतात. एकच आडनाव निघालं का भाऊ-बहीण, विषय संपला. पण ना त्यानं विचारलं, ना मी. भेव होतं दोघांलेही. कापूस फुटला, वेचून झाला, तरी आम्ही एकमेकांचं अर्धंच नाव घेऊन फिरत होतो. लोक येडे म्हणतील, म्हणोत.

संक्रांतीनंतर लखन म्हणे, मी घरी बोलतो, तवरोक केस कापू नको. त्याची याडी रुक्माबाई, तिनं पहिला प्रश्न आडनावाचाच केला. त्यानं तिथूनच फोन लावला मले.

"सोनू... आडनाव काय तुहं?"

"राठोड," म्हटलं मी.

फोन चालू होता, नुसत्या त्याच्या अंगणातल्या कोंबड्या मले ऐकू येत होत्या. आणि मले समजलं, तोही राठोडच.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर भेटला. डोळे सुजलेले. म्हणे, सारा तांडा म्हणते, बहीण लागते तू.

"तुले लागते काय?"

पळून जाऊ म्हटलं मी, हो, मीच म्हटलं. तं म्हणे, याडी विहिरीत उडी घेईन म्हणते. मग चाचरत...

"सोनू, वेणी कापून टाक. आपली बस एकच हाय. मागून दिसली का जीव जाते माहा."

ठेव म्हणणाराही तोच, काप म्हणणाराही तोच! तिडीक मस्तकात गेली माह्या.

"नाही कापत. दिसू दे तुले. दुखू दे. मले एकटीलेच काहून?"

एवढं बोलली आणि चारचौघांत ढसाढसा रडली.

भरतीत मी मागं पडली. वेणीमुळं नाही, पायच उचलत नव्हते. केस मात्र तसेच हायेत. घरी वाटते, पोरगी सुधारली. पाहुणे केस पाहून पसंत करून राह्यले. मी सगळ्याईले नाही म्हणते आणि शिव्या खाते.

आता लखनचं लग्न ठरलं. पोरगी घाटंजीकडची, पवारांची. भाईबंद म्हणून आमच्या घरीही आवतन आलं. बा म्हणे, आपल्याच घरचं लग्न हाय, सगळ्याईनं जायचं. काल माही याडी माह्या केसांले तेल लावत होती. म्हणे, नवरदेवाच्या बहिणी म्हणून तुम्हा पोरींले पुढं उभं राहावं लागन.

जाणार मी. त्यानं माह्याकडं पाह्यलं तं मले रडू येईन. नाही पाह्यलं तं त्याहून जास्त.