रेवतीची जायपत्री

रेवती स्वादुपिंडाच्या आजाराने वारली त्याला चार महिने झाले होते. पण तिला वाचवता आलं असतं, हे तिच्या नवऱ्याला, सुहास पाटणकरांना, कळलं ते जायपत्रीचा अहवाल आला त्या दिवशी.

गुहागरच्या किनाऱ्यावरचे बारीक भुंगे उन्हाळ्यांनी संपवले, तेव्हापासून जायफळाच्या बागांत परागीकरण हाताने होई. फुलाशी तोंड नेऊन कुंचल्याने पराग लावायचे. प्रत्येकाची झाडं ठरलेली. दहा झाडं रेवतीची होती. ही झाडं ‘गंधनोंदी’ जातीची, हवेतल्या किडीचा माग ठेवण्यासाठी तयार केलेली. हवेत जे सूक्ष्म वायू असतील, त्यांची खूण फळाच्या तेलात उरते. फळाला पिकायला नऊ महिने लागतात. त्या काळात झाडाच्या सर्वांत जवळ माणसाचाच श्वास असतो, आणि त्याचीही खूण बीवरच्या लाल जाळीत, म्हणजे जायपत्रीत, राहते. हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

डॉ. नाझनीन मुकादम यांनी किडीच्या तपासणीसाठी घरातले जायपत्रीचे जुने डबे नेले होते. अहवाल घेऊन त्या स्वतःच आल्या.

“सुहासकाका, तीन वर्षांपूर्वीच्या मालात एक गोडसर वास आहे. स्वादुपिंड बिघडलं की तो श्वासात उतरतो. तुम्हाला जाणवला नाही?”

“जाणवला की. रेवती म्हणायची, माझ्या झाडांना गुण आलाय, तुझी आपली काढ्याच्या वासाची. मी तिच्या झाडांचं खत माझ्या झाडांना घातलं. त्यांना काही तो वास आला नाही.”

डॉक्टरांनी अहवाल मिटून ठेवला.

“ती जायपत्री आम्ही विकली नाही,” सुहास म्हणाले. “चांगली म्हणून घरी ठेवली. दोन पाडवे तिचंच श्रीखंड खाल्लं.”

रेवतीने अंथरूण धरल्यापासून, म्हणजे वर्षभर, ती दहा झाडं त्यांची मुलगी ओवी बघत होती. यंदाची फळं नुकतीच उकलली होती.

“ओवीच्या हातची मूठभर पाठवा, असा आजार मुलीतही उतरू शकतो,” डॉक्टर म्हणाल्या. “मात्र त्यात सगळंच वाचता येतं. उपाय असलेलं, आणि नसलेलंही.”

ओवी म्हणाली, “पाठव बाबा. पण मला सांगू नकोस.”

“मग तुझ्यासमोर मी वावरू कसा?”

“गप्प बसायचं.”

“तुझ्या आईला माझ्या गप्प बसण्यातूनच सगळं कळायचं.”

“मला पण कळतं,” ओवी म्हणाली आणि जायपत्रीची सुपं उन्हात सरकवायला गेली.

तेव्हापासून सुहास दिवसातून चार-पाच वेळा सुपांपाशी जातात. हुंगतात. सकाळी वास गोड वाटतो, दुपारी वाटत नाही. नाकावर त्यांचा विश्वास उरलेला नाही. ओवी बोलायला लागली की ते नकळत तिच्या तोंडाकडे वाकतात. परवा बोलता बोलता तिने ओढणी तोंडावर धरली, आणि बोलणं अर्धवट टाकून आत गेली.

जायपत्री वाळून पिवळी झाली आहे. ती अजून पाठवलेली नाही.